आधी मे महिन्यातली विहीर बघा, मग कलमं आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून 'एकरात लाखोंचं उत्पन्न' अशा बातम्या येतात, फोटोत शेतकरी फळ हातात धरून हसत उभा असतो, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्याने कष्ट केलेत, मिळू देत त्याला. पण ती बातमी कापून खिशात घालून आमचे चाकरमानी नातेवाईक गावाला येतात ना, तिथून पुढचं मला सांगायचंय. कारण त्यांच्याकडे एकर नसतो, वाटण्या होऊन होऊन दहा-पंधरा गुंठे उरलेले असतात. आणि त्यात कोणाला हापूस हवा असतो, कोणाला ड्रॅगनफ्रूट, आणि आता यूट्यूब बघून कोणाला तो जपानी मियाझाकी आंबा.

आमची राजापूर तालुक्यात घराला लागून १४ गुंठे जागा आहे. वरचे सहा गुंठे कातळाला लागून, दोन-अडीच फूट खणलं की पहार टणकन वाजते. खालचे आठ विहिरीच्या बाजूला, तिथे माती बरी आहे. २००४ च्या जूनमध्ये आमच्या डोंबिवलीच्या भावोजींच्या आग्रहाने वरच्या सहा गुंठ्यांत हापूसची २४ कलमं लावली, पंधरा-पंधरा फुटांवर. कलम केवढं असतं हो, हातभर काठी आणि चार पानं, त्यामुळे मधली जागा बघून वाटायचं किती ही जागा फुकट चाललीय, अजून चार बसली असती. कृषी सहायकाने तेव्हा सांगितलं होतं की दहा मीटर बाय दहा मीटर सोडा, पण ऐकतोय कोण.

आता हा हिशोब मला तेव्हा कोणी करून दाखवला असता तर बरं झालं असतं. दहा मीटर बाय दहा मीटर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे जवळपास तेवढाच. म्हणजे नीट वाढलेला एक हापूस म्हणजे एक गुंठा, झालं! सहा गुंठ्यांत सहा झाडं. आम्ही लावली २४. आता पाच मीटरवरही लावतात, घन लागवड म्हणतात त्याला, पण तिथे आंबे उतरले की दर वर्षी छाटणी करावीच लागते आणि आमच्याकडे चांगल्या वाढलेल्या फांदीला कोयता लावायचा म्हटलं की घरात सुतक. पहिली काही वर्षं आंबे आले, छान आले, भावोजी पेट्या भरून घेऊन गेले. पण २०१५-१६ पर्यंत फांद्यात फांद्या गेल्या, खाली दुपारी बाराला पण अंधार, मोहोर फक्त शेंड्याला, तुडतुडे असे की झाडाखालून गेलं की केसांना चिकट लागायचं. फवारणीला पंप आणि माणूस आणायचा तर सीझनला पाच-सहा फवारण्या, आणि त्यात हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष रुसतो. शेवटी १३ झाडं तोडली. बारा वर्षांची झाडं तोडताना मी घरात बसून राहिले, बाहेर आलेच नाही.

हापूस वाईट आहे असं मी म्हणत नाही हां, कोकणात राहून असं म्हटलं तर मला वाळीत टाकतील. पण ज्याला मोजून पाच झाडं बसतात त्याने पाचही हापूस का लावायचे? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून 'रत्ना' काढला त्याला चाळीसेक वर्षं झाली, तो दर वर्षी धरतो, साका होत नाही, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा पडत नाही, फळही मोठं. मार्केटला हापूसच्या नावाचा भाव त्याला नाही हे खरं, पण घरच्या पाच झाडांचं कुठलं आलंय मार्केट, ते आंबे मुलं, पाहुणे आणि माकडंच खातात.

आता पाण्याचं. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात आम्ही टँकरची वाट बघतो, हे सगळ्यांना माहीतच आहे. जमीन घेणारे मात्र सगळे जागा बघायला ऑगस्टमध्ये येतात! सगळं हिरवंगार, विहीर काठोकाठ, व्हाळ वाहतोय, आणि तिथेच उभं राहून माड किती, पोफळी म्हणजे सुपारीची झाडं किती हे ठरतं. माझं म्हणणं एवढंच की १५ मेच्या आसपास या आणि विहिरीत डोकवा. आम्ही काय केलं ते सांगते. एका संध्याकाळी पंप लावून विहीर जवळजवळ उपसली, काठीला खूण केली आणि सकाळी बघितलं रात्रीतून किती पाझर आला. चार इंच. आमची विहीर दहा फूट रुंद, अशा गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण २,२०० लिटर, म्हणजे चार इंच सातशे-साडेसातशे. त्यातलं घरात आणि गोठ्यात चारशे गेलं, उरलं तीनशेच्या वर थोडं. मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला ३०-४० लिटर लागतं. म्हणजे आठ माड. म्हणून आमच्याकडे आठच माड आहेत, नववा लावायला जागा आहे पण पाणी नाही, आणि पोफळीचं तर नावच काढायचं नाही, तिला माडाच्या सावलीबरोबर सतत ओलही लागते, ती श्रीवर्धनकडच्या पाणी असलेल्या वाड्यांतच शोभते.

आणि अजून एक, हे कोणी सांगत नाही. माड आणि आंबा शेजारी शेजारी लावू नका. माडाला सारखं पाणी हवं आणि मोठ्या हापूसला पावसाळा संपला की ताण हवा, जमीन सुकली तर मोहोर येतो, नाहीतर नुसती पालवी. आमचं एक कलम माडाच्या आळ्याजवळ आलं होतं, ते झाड कायम तुकतुकीत, एवढं सुंदर की लोक फोटो काढायचे, आणि आंबे किती तर सहा. म्हणून आता वर कातळाकडे ज्यांना पाणी नको ते, आंबा, काजू, कोकम, आणि खाली विहिरीजवळ माड, केळी, भाजी. पहिले दोन-तीन उन्हाळे मात्र वरच्यांनाही घागरीने पाणी घालावं लागतं, ते माझ्या कमरेला अजून आठवतंय.

कोकमावर थोडं जास्त लिहिते कारण तिथे आम्ही चांगलेच फसलो. १३ आंबे तोडायच्या आधीची गोष्ट, वरच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेने एका नर्सरीतून आणून रातांब्याची, म्हणजे कोकमाचीच सहा रोपं लावली होती, बियांपासून केलेली, स्वस्त होती. सहा-सात वर्षं वाढवली. मग फुलं आली आणि चार झाडांची फुलं आली तशी गळून गेली, पुढच्या वर्षी परत तेच. आम्हाला वाटलं खत कमी पडलं, शेणखत घातलं, राख घातली, एकाने सांगितलं म्हणून मीठ पण घातलं. शेवटी एक जाणकार गृहस्थ आले, फूल हातात घेऊन म्हणाले, वहिनी, हे नर आहेत, यांना काय डोंबल लागणार! कोकमात नर आणि मादी झाड वेगळं असतं आणि बियांच्या रोपात साधारण निम्मे नर निघतात, कुठलं काय ते फुलं आल्याशिवाय कळत नाही. जायफळाचं पण तसंच. म्हणून कोकम घ्यायचं तर कलमच घ्यायचं, आणि कलमही उभ्या शेंड्याच्या काडीचं, आडव्या फांदीची काडी बांधलेली असेल तर झाड सरळ चढतच नाही, बाजूला झुडपासारखं पसरत बसतं. 'कोकण अमृता' म्हणून विद्यापीठाची जात आहे ती लवकर, पावसाच्या आधी तयार होते, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. कारण रातांबे पिकतात नेमके मे अखेरीला, सालं काढून रसाची पुटं देऊन उन्हात घातली आणि वळवाची सर आली की दोन दिवसांची मेहनत बुरशीला. आम्ही नरांपैकी एक ठेवला, परागासाठी एखादा आसपास लागतोच, बाकी तीन तोडून तिथे कलमं लावली.

गंमत म्हणजे आमच्या वाडीत एकाने जुनं, धरतं रातांब्याचं झाड तोडून तिथे मँगोस्टीन लावलंय. मँगोस्टीन म्हणजे कोकमाचाच चुलत भाऊ, एकाच कुळातला, आणि फळ धरायला आठ-दहा वर्षं सहज घेणार, पाणी आणि सावली मागणार ते वेगळंच. पण रोपाची किंमत जास्त आणि नाव इंग्लिश. मी काही बोलले नाही, शेजारधर्म आहे.

माकडांचं सांगायलाच हवं, पेपरात फळबागेची यशोगाथा येते त्यात माकड कधीच नसतं. आमच्याकडे केळीचा घड फडकं बांधून ठेवला तर फडकं फेडून खातात, पपई तर पिकेपर्यंत थांबत पण नाहीत. त्यामुळे आता आम्ही झाड निवडताना हाही प्रश्न विचारतो. हळद, काळी मिरी, दालचिनी याला अजून तरी हात लागलेला नाही. मिरी तर दोन माडांवर सोडलीय, वेगळी जागा लागतच नाही. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे माडांमध्ये मिरी, दालचिनी, जायफळ अशी मसाल्याची 'लाखी बाग' बघायला मिळते, एकदा जाऊन या. नावाला भुलू नका, आठ माडांत लाख होत नाहीत, पण वर्षाची मिरी विकत आणायला लागत नाही एवढं नक्की.

आणि झाडांच्या नादात भाजी विसरू नका. छोट्या जागेत रोजचं पोट भाजीच भरते. मी उलटा हिशोब करते, गणपती कधी आहेत ते कॅलेंडरमध्ये बघते. पहिल्या पावसात काकडी, पडवळ, दोडकी टोकली की गणपतीला मांडवावरून काढायला मिळतात, गणपतीच्या वर टांगतो त्या माटवीला बांधायला पण होतात आणि चार घरांत देता येतात. भेंडी गडग्याकडेला, अळू न्हाणीच्या पाण्यावर, सुरण माडांच्या मध्ये. पाऊस गेला की लाल माठ, मुळा, आणि भात कापलेल्या कोपऱ्यात ओलीवर कुळीथ आणि चवळी. हे सगळं उन्हातलं काम आहे, म्हणजे आंब्याची सावली दक्षिणेकडून भाजीवर पडणार नाही असं बघूनच झाड लावायचं, कारण थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो आणि नेमकी तेव्हाच आपली माठ-मुळ्याची वाफी असतात. आमचं एक झाड तसं चुकलंय, त्याच्या उत्तरेला गेली कित्येक वर्षं फक्त आलं-हळद होते.

शासनाची भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना आहे, कोकणात त्यात १० गुंठ्यांपासून घेतात, अनुदान तीन वर्षांत मिळतं. पण तिथेही लोक आधी यादीत सबसिडी कशाला हे बघतात आणि मग त्याला जागा शोधतात. आणि कलमं लावून मुंबईला निघून जातात, मार्चमध्ये गवत पेटतं, वणवा येतो आणि दोन वर्षांची कलमं एका दुपारी काळी. काजूची बी रोज वेचायला, रातांबे फोडायला, माडावर चढायला घरात कोण आहे हे पण विचारायला नको का? आमच्याकडे आम्ही दोघं, साठीच्या पुढची, म्हणून काजू चारच, घराच्या पायरीवरून दिसतील एवढ्या अंतरावर.

तर संपादकसाहेब, विनंती एवढीच. पुढच्या वेळी कोणाच्या बागेची बातमी छापाल तेव्हा उत्पन्नाच्या आकड्याबरोबर तीन गोष्टी विचारा त्याला, जागा किती गुंठे, मे महिन्यात पाणी कुठून आलं, आणि वेचायला कोण होतं. फोटो थोडा छोटा केलात तरी चालेल. आणि भावोजी हे पत्र वाचतील तर त्यांना कळावं म्हणून लिहिते, यंदा ११ झाडांना मोहोर बरा आहे, पेट्या आणायला या, पण येताना ड्रॅगनफ्रूटची रोपं आणू नका.

आपली नियमित वाचक,
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी