राणीच्या वकिलाची नोंद शोधून देणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

नौपाडा, ठाणे (पश्चिम)

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आभार मानायला मी व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयात आले होते. पण तुमच्या टेबलापाशी विद्यार्थ्यांची रांग होती आणि तुम्ही 'अहो, त्यात काय एवढं' म्हणून पुढच्या मुलाचे कार्ड हातात घेतलेत. दोन वाक्यांत आटपण्याइतके ते लहान काम नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहिण्याचे कारण इतकेच की, तुम्ही मला जी वाट दाखवलीत ती माझ्यासारख्या अनेक हौशी वाचकांना ठाऊक नसते, आणि ती दाखवणारे माणूस जवळच्या ग्रंथालयात बसलेले असते हेही ठाऊक नसते.

आमच्या महिला वाचक मंडळाने झाशीच्या राणीवर व्याख्याने ठरवली, तेव्हा मी राणीच्या वकिलाचा विषय मागून घेतला. जॉन लँग हे नाव एका चरित्राच्या तळटिपेत वाचले होते आणि तेव्हापासून ते डोक्यात घोळत होते. गंगाधरराव नोव्हेंबर 1853 मध्ये वारले, दत्तक दामोदररावांचा हक्क डलहौसीने नाकारला आणि 1854 मध्ये झाशी खालसा झाली, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्या वेळी राणीने सल्ल्यासाठी ज्या गोऱ्या वकिलाला बोलावून घेतले, तो ऑस्ट्रेलियात जन्मलेला होता आणि कादंबऱ्याही लिहीत असे, एवढ्या भांडवलावर मी कामाला लागले. तुमच्याकडे येण्यापूर्वी एके ठिकाणी मला सांगण्यात आले की ऑस्ट्रेलियाचे वाङ्मय म्हणजे फारसे काही नाही, त्यावर वेळ घालवू नका. मी जवळजवळ विषय सोडून देणार होते.

तुम्ही माझे टिपण शांतपणे वाचलेत आणि 'ऑस्ट्रेलियाचा पहिला कादंबरीकार' या शब्दांखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढलीत. 'हे कुठून घेतलं?' एवढेच विचारलेत. माझ्याकडे उत्तर नव्हते. मग तुम्ही खुर्ची बाजूला सरकवून मला संगणकासमोर बसवलेत आणि ऑस्टलिट उघडून दिलेत. क्वीन्सलँड विद्यापीठातून चालणारा, तिथली विद्यापीठे आणि राष्ट्रीय ग्रंथालय यांच्या सहकार्यातून उभा राहिलेला हा डेटाबेस म्हणजे एका देशाच्या साहित्याची चालती-वाढती सूची आहे, हे तुम्ही सांगितलेत. सगळ्या नोंदी वर्गणीशिवाय उघडत नव्हत्या. ज्या अडल्या त्यांच्यासाठी तुम्ही स्वतः पत्रव्यवहार केलात, याची जाणीव मला आहे.

माझी चूक तिथे दहा मिनिटांत उघडी पडली. ऑस्ट्रेलियात छापलेली पहिली कादंबरी हेन्री सॅव्हरी याची. ती 1830-31 मध्ये होबार्टला निघाली, आणि सॅव्हरी हा इंग्लंडहून काळ्या पाण्यावर पाठवलेला कैदी होता. लँग 1816 मध्ये सिडनीजवळच्या पॅरामाटा येथे जन्मला, म्हणून तो तिथल्या मातीत जन्मलेला पहिला कादंबरीकार. 'जन्मलेला' या एका शब्दाने माझे विधान खरे झाले. तो शब्द वाक्यात घालताना मला प्रथमच कळले की एखाद्या देशाचे साहित्य म्हणजे कोणाचे, तिथे जन्मलेल्याचे, तिथे राहिलेल्याचे की तिथे छापलेल्याचे, हा प्रश्न सूची करणाऱ्याला प्रत्येक नोंदीगणिक सोडवावा लागतो. लँगने तर आयुष्याचा उत्तरार्ध हिंदुस्थानात काढला. 1842 मध्ये तो कलकत्त्याला आला, पुढे मेरठला 'मोफसिलाइट' नावाचे वृत्तपत्र चालवले, लाला ज्योतीप्रसाद या कंत्राटदाराच्या बाजूने उभे राहून कंपनी सरकारविरुद्धचा खटला जिंकला आणि 1864 मध्ये मसुरीला वारला. त्याची कबर तिथेच आहे. अशा माणसाला कोणत्या देशाच्या रकान्यात बसवायचे?

कृती आणि आवृत्ती यांतला फरक तुम्ही ज्या धीराने समजावलात, तो मी विसरणार नाही. ऑस्टलिटमध्ये एका कृतीची एकच नोंद असते आणि तिच्या पोटात मासिकातले पहिले छापील रूप, पुस्तकाची पहिली आवृत्ती, नाव बदलून निघालेली पुढची आवृत्ती, भाषांतर असे सगळे लेकुरवाळ्या घरासारखे एकत्र नांदते. मला ते लगेच उमगेना. तेव्हा तुम्ही विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चे उदाहरण दिलेत: वरसईच्या भटजींनी झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहून लिहिलेली हकिगत चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये आपल्या हाताने फेरफार करून छापली, आणि मूळ हस्तलिखितावरून ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये पुन्हा दिली. 'पुस्तके दोन, कृती एक. पण दोन्ही नोंदी नसतील तर वाचकाला कळणार कसं की आपण गोडसे वाचतोय की वैद्य?' हे तुमचे वाक्य मी जसेच्या तसे वहीत लिहून ठेवले आहे.

त्याच वाटेने आपण लँगच्या झाशीभेटीपर्यंत पोहोचलो. ती हकिगत त्याच्या 1859 च्या हिंदुस्थानातील भ्रमंतीच्या पुस्तकात आहे एवढे मला माहीत होते. त्यातला मजकूर आधी चार्ल्स डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात आला होता, आणि त्या साप्ताहिकात लेखांखाली लेखकांची नावे छापत नसत, हे मला तुमच्यामुळे कळले. म्हणजे लंडनच्या वाचकाने राणीची गोष्ट वाचली ती निनावी. सोनेरी कागदावर फारसीत लिहिलेले बोलावणे, पडद्याआडून चाललेले संभाषण, छोट्या दामोदररावाने एकाएकी पडदा बाजूला सारल्यावर क्षणभर झालेले राणीचे दर्शन, अंगावरची साधी पांढरी मलमल आणि कानांतली सोन्याची कर्णभूषणे. हे सारे ज्याने पाहिले त्याचे नाव त्या पानांवर नव्हते. ते मागाहून अभ्यासकांनी लावले आणि नोंदीत टिकवले. 'मेरी झाँसी नहीं दूँगी' या आपल्या तोंडी असलेल्या शब्दांना लिखित आधार शोधू जावे तर वाट त्याच पानांकडे जाते. आमच्या मंडळात हे सांगितले तेव्हा सभागृहात कोणी हलले नाही.

ट्रोव्हवरचा तो शनिवार माझ्या विशेष लक्षात आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2009 मध्ये सुरू केलेला हा संग्रह सर्वांना मोफत खुला आहे आणि त्यात जुनी वृत्तपत्रे पानेच्या पाने वाचता येतात. मी लँगचे नाव टाकून शोधत होते आणि हवे ते सापडत नव्हते. तुम्ही म्हणालात, 'नाव सोडा, मेरठ आणि मोफसिलाइट टाका.' तसे केल्यावर एक स्तंभ उघडला, त्यात नाव होतेच; पण यंत्राने फिकट छपाई वाचताना मधले 'ए' हे अक्षर 'यू' असे घेतले होते, म्हणून शोधात ते निसटत होते. डाव्या बाजूला यंत्राने वाचलेल्या ओळी, उजवीकडे मूळ पानाचे चित्र. ती ओळ वाचकाला दुरुस्त करता येते हे दाखवून तुम्ही कीबोर्ड माझ्यापुढे सरकवलात. मी एक अक्षर बदलले. यापुढे कोणी लँगचा शोध घेतला तर त्याला तो स्तंभ सापडेल, हे तुम्ही सहज सांगितलेत आणि चष्मा पुसू लागलात. माझ्या हातून घडलेली एवढी लहान आणि एवढी टिकाऊ गोष्ट मला दुसरी आठवत नाही.

व्याख्यानाची तयारी खरे तर तिथे पुरी झाली होती, पण तुम्ही मला तिथे थांबू दिले नाहीत. नाव नाहीसे होण्याचा विषय निघालाच आहे तर हे पाहाच, असे म्हणून तुम्ही आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील लेखकांसाठी ऑस्टलिटमध्ये 2007 पासून असलेला 'ब्लॅकवर्ड्स' हा विभाग उघडलात. त्यात डेव्हिड युनायपन भेटले. नारिंजेरी समाजाच्या या विद्वानाने आपल्या लोकांच्या कथा गोळा करून लिहिल्या, प्रकाशकाने ते हस्तलिखित परस्पर दुसऱ्याच्या हाती दिले आणि 1930 मध्ये पुस्तक निघाले ते विल्यम रॅम्से स्मिथ याच्या नावाने, युनायपन यांचा उल्लेखही न करता. ज्यांचा चेहरा त्या देशाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर आहे, त्यांचे पुस्तक त्यांच्या स्वतःच्या नावाने निघायला 2001 साल उजाडावे लागले. लँगचे नाव त्या साप्ताहिकाच्या रिवाजाने गेले होते, युनायपन यांचे काढून घेतले गेले. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत, असे मला वाटते आणि व्याख्यानात मी ते स्पष्ट म्हटले.

उजरू नूनुकल यांची नोंदही मला तितकीच बोलकी वाटली. 1964 मध्ये त्यांचा कवितासंग्रह निघाला तेव्हा मुखपृष्ठावर कॅथ वॉकर हे नाव होते. आदिवासी कवीचा छापला गेलेला तो पहिला संग्रह. गोऱ्या वसाहतीला दोनशे वर्षे झाल्याच्या समारंभांचा निषेध म्हणून त्यांनी ब्रिटिश राजसत्तेने दिलेला किताब परत केला आणि आपल्या समाजातले नाव धारण केले. नोंदीत दोन्ही नावे आहेत. कोणत्याही नावाने शोधले तरी वाचक त्यांच्याच दारात पोहोचतो. घरी परतताना तलावपाळीवर गडकरी रंगायतनाची पाटी दिसली आणि मनात आले की नाटकांवर राम गणेश गडकरी, कवितांवर गोविंदाग्रज आणि विनोदी लेखांवर बाळकराम अशी तीन नावे असलेला आपला माणूस परक्या वाचकाला एकत्र कसा सापडेल? शं. ग. दाते यांनी 1800 ते 1950 या दीडशे वर्षांच्या मराठी पुस्तकांची सूची एकहाती निष्ठेने केली, तिचे दोन खंड तुम्ही मला दुसऱ्या दिवशी काढून दाखवलेत. त्या जाड खंडांची पाने उलटताना मला ऑस्टलिटचे श्रम अधिक कळले आणि दाते यांच्याविषयीचा आदर दुणावला. पुस्तकांचे कार्य त्या खंडांनी केले. मासिकांत विखुरलेल्या कथा-कवितांना तसे एक घर मिळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मॅडम, तुम्ही मला एकदाही उत्तर आयते दिले नाहीत. प्रत्येक वेळी कुठे पाहायचे ते सांगितलेत आणि माझे वाचून होईपर्यंत शेजारी थांबलात, तेही दुपारच्या जेवणाची वेळ टळत असताना. गुडघ्यांमुळे मला जिना चढवत नाही हे लक्षात घेऊन तळमजल्यावरचा संगणक राखून ठेवलात. व्याख्यानाला तुम्ही मागच्या रांगेत येऊन बसला होतात हे मला नंतर मैत्रिणीने सांगितले. आधी कळले असते तर व्यासपीठावरूनच तुमचे नाव घेतले असते. तुम्हाला ते रुचत नाही हे जाणून या पत्रातही ते लिहिलेले नाही.

शेवटी एक विनंती. तुम्ही जाताजाता मीना अब्दुल्ला यांचा उल्लेख केला होतात: न्यू साउथ वेल्समध्ये पंजाबी कुटुंबात वाढलेल्या आणि 1965 मध्ये रे मॅथ्यू यांच्यासोबत कथासंग्रह प्रसिद्ध केलेल्या लेखिका. मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी मी त्यांचा विषय घेतला आहे. त्यांच्या कथा पुस्तकात येण्यापूर्वी कोणत्या नियतकालिकांत आल्या होत्या, ते मला स्वतः शोधायचे आहे. सोमवारी अकरा वाजता येते. तळमजल्यावरचा संगणक मोकळा असेल तर तेवढा ठेवावा.

आपली कृतज्ञ,
नौपाड्यातील एक वाचक