कबड्डीत नखं तपासतात, मग दातांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात शालेय कबड्डीच्या बातम्या येतात, आम्ही कळव्याचे कबड्डीवाले पालक त्या आवर्जून वाचतो, कात्रणं ग्रुपवर टाकतो, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितेय. कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलांच्या तोंडात माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसणारं मऊ कवच, पाहिजे आणि तो सक्तीचा पाहिजे, एवढंच सांगायचंय, पण जरा सविस्तर सांगते.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, कबड्डीत डावा कोपरा खेळते, म्हणजे पकड करणाऱ्यांत डाव्या टोकाला असते. मागच्या वर्षी एका रविवारी संध्याकाळी प्रॅक्टिसमध्ये तिने चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरला, त्या मुलीने सुटायला पाय झटकला आणि गुडघा सरळ हिच्या तोंडावर बसला. चूक कोणाचीच नाही, त्या पोरीची तर अजिबात नाही, ती बिचारी हिच्यापेक्षा जास्त रडत होती. वरचा पुढचा एक दात मुळासकट बाहेर आला, बाजूच्याचा टवका उडाला. मी तिथेच कठड्यावर बसले होते. रक्त बघून मला काही सुचेना, सगळे बर्फ आणा, पाणी आणा करत होते आणि दात मातीत पडलाय हे पहिली पाच मिनिटं कोणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी एका मुलाने शोधून दिला. तो मी नळाखाली धरून बोटांनी चोळून चोळून धुतला, माती गेली पाहिजे म्हणून, आणि कोरड्या रुमालात बांधून पर्समध्ये टाकला. रविवार, त्यामुळे जवळपासचे दातांचे दवाखाने बंद, नौपाड्यातले एक डॉक्टर फोनवर या म्हणाले तर कळव्याच्या पुलावर ही ट्रॅफिक. खुर्चीत बसेपर्यंत पावणेदोन तास गेले.

डॉक्टरांनी रुमाल उघडला आणि पहिलं विचारलं, "ताई, दुधात का नाही ठेवला?"

मला माहीतच नव्हतं. आमच्यापैकी कोणालाच नव्हतं, सरांनाही नाही, आणि ते वीस वर्षं मुलं घडवतायत. दाताच्या मुळावर एक पातळ जिवंत आवरण असतं, त्याच्यामुळे दात हाडाला धरून असतो. दात बाहेर कोरडा राहिला की अर्ध्या-एक तासात त्या पेशी मरतात, आणि मी चोळून धुतला तेव्हा होत्या त्याही खरवडून काढल्या. दात नेहमी पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, माती असेल तर दुधात नाहीतर पाण्यात नुसता क्षणभर खळबळायचा, जमलं तर तिथल्या तिथे खाचेत परत बसवून स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचं, नाही जमलं तर थंड दुधात टाकून डॉक्टरकडे पळायचं. हे फक्त कायमच्या दाताचं, लहान मुलाचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नसतो.

हिचा दात बसवला, दोन आठवडे तारेने बाजूच्या दातांना बांधून ठेवला, मग रूट कॅनल झालं. पण उशीर झालेला असल्याने तो आता हाडालाच चिकटलाय आणि मूळ हळूहळू विरघळतंय. जबडा वाढतोय, बाकीचे दात खाली येतायत, हा मात्र तिथेच अडकलाय, त्यामुळे आत्ताच आखूड दिसायला लागलाय. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा कृत्रिम दात, वाढ पूर्ण झाल्याशिवाय करत नाहीत, म्हणजे निदान अठरापर्यंत थांबा. म्हणजे दहावीचा, बारावीचा फोटो असाच. ती हसताना ओठावर हात नेते, आधी नव्हती नेत.

आता माउथगार्डबद्दल. आपल्याकडे तो म्हणजे बॉक्सिंगवाल्यांची वस्तू असंच सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतो तो गरम पाण्यात टाकून मऊ करायचा असतो, मग तोंडात धरून चावायचा, बाहेरून ओठांवर बोटांनी दाबायचा, आतून हवा ओढायची, मग गार पाण्यात. काहीशे रुपयांत येतो. दुसरा डॉक्टर बनवतात, दातांचं माप घेऊन प्लास्टरचा साचा करतात आणि त्यावर एक जाड मऊ शीट तापवून ओढून बसवतात. आम्ही हाच केला, अडीच हजार लागले. फरक खूप आहे, दुकानातला तोंड उघडलं की सुटतो, हा वरच्या दातांवर घट्ट बसतो. पण दुकानातला नीट बसवलेलासुद्धा काहीच नसण्यापेक्षा शंभर पटीने बरा, म्हणून पैशांसाठी कोणी थांबू नका. दात बदलायच्या वयात दर सीझनला तपासून नवा करावा लागतो, आणि ब्रेसेस असतील त्यांनी दुकानातला न घेता डॉक्टरांनाच विचारायचं, तारांवरून बसेल असा वेगळा करतात.

सगळ्यात जास्त ऐकावी लागते ती दम घेण्याची शंका. कबड्डीत चढाई करताना कबड्डी-कबड्डी स्पष्ट म्हणावं लागतं, तोंडात रबर असेल तर म्हणणार कसं? एक तर दम चढाई करणाऱ्याने घ्यायचा असतो, पकड करणाऱ्यांनी नाही, आणि घोट्यावर झेपावताना, मांडी धरताना, साखळी करताना तोंड नेमकं समोरच्याच्या गुडघ्यासमोर, टाचेसमोर येतं ते पकड करणाऱ्यांचं. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना ही अडचणच नाही. दुसरं म्हणजे माझ्या मुलीने चार दिवस रोज संध्याकाळी घरात गार्ड घालून पाठांतर केलं, पहिल्या दिवशी लाळ गळत होती, उलटीसारखं व्हायचं, पाचव्या दिवशी ती गार्ड घालून चढाईला गेली आणि सरांना दम नीट ऐकू आला.

खो-खोचंही तेच आहे. खांबाजवळ सूर मारताना तोंड खांबावर आपटलेली दोन मुलं आमच्याच भागात मला माहितीयेत. खो-खोचा वर्ल्ड कप जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला, आपली दोन्ही टीम जिंकल्या, किती आनंद झाला होता, मुलांची गर्दी वाढणारच आहे मैदानावर आणि वाढायलाच पाहिजे.

कबड्डीत मॅचच्या आधी नखं कापलीयेत का ते बघतात, अंगठी, चेन काढायला लावतात, अंगाला तेल लावलं असेल तर चालत नाही. हे नियमात आहे आणि कोणीही तक्रार करत नाही. त्याच रांगेत एक प्रश्न वाढवायचाय, गार्ड आहे का दाखव. न्यूझीलंडमध्ये रग्बीच्या मॅचला १९९८ पासून माउथगार्ड सक्तीचा आहे, आणि १९९५ ते २००३ या काळात तिथल्या रग्बीतल्या दातांच्या दुखापतीचे विम्याचे क्लेम ४३ टक्क्यांनी कमी झाले. तिथली मुलंही सुरुवातीला कुरकुरली असतीलच ना.

जिल्हा पातळीवर ज्यांच्या हातात नियमावली आहे त्यांनी हे यंदाच्या शालेय स्पर्धांपासून सुरू करावं, निदान पकड करणाऱ्यांसाठी. मंडळांनी शूज आणि नी-कॅपच्या यादीत गार्ड लिहावा, शूजला दोन हजार देणारे पालक याला नाही म्हणणार नाहीत. ज्यांना परवडत नाही त्यांना मंडळाने द्यावा, टी-शर्टवर नाव छापायला स्पॉन्सर मिळतो तर याला का नाही मिळणार. आणि प्रत्येक सरांच्या बॅगेत क्रेप बँडेजच्या शेजारी टेट्रापॅकच्या दुधाचा एक छोटा डबा ठेवा, तो फ्रिजशिवाय टिकतो, तारीख बघून बदलायचा फक्त. आमच्या सरांच्या बॅगेत आता असतो.

मुलगी परत डाव्या कोपऱ्यावर उभी राहते. परवा प्रॅक्टिसनंतर ती गार्ड गार पाण्याने धुऊन डबीत ठेवत होती तेव्हा उजव्या कोपऱ्याच्या मुलीची आई जवळ येऊन विचारायला लागली, कुठून करून घेतला, किती दिवस लागले, मी डॉक्टरांचा नंबर दिला.

आपली,
एक पालक, कळवा (ठाणे)
(कृपया नाव छापू नये, मुलगी खेळते.)