गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र : प्रीकास्ट घरांच्या निविदेत दिवसांबरोबर सिमेंटही मोजा

माननीय गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

नवी मुंबईत बामणडोंगरीला सिडकोच्या प्रकल्पात ९६ दिवसांत ९६ घरांची इमारत उभी राहिली. प्रीकास्टचा, म्हणजे भिंती-स्लॅब आधी साच्यात ओतून मग जागेवर जोडण्याच्या पद्धतीचा, वेग आता कुणाला पटवून द्यायची गरज नाही. पर्यावरणाचा फायदा मात्र आपोआप पदरात पडत नाही, तो निविदेतच मागून घ्यावा लागतो.

कारखान्याचे गणित साच्यावर चालते. साचा रोज रिकामा व्हायला हवा. संध्याकाळी ओतलेली भिंत सकाळी उचलायची, म्हणजे बारा-चौदा तासांत काँक्रीटला १५ मेगापास्कलच्या आसपास ताकद यायला हवी. सिमेंटच्या जागी फ्लाय अॅश (औष्णिक वीज केंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतला टाकाऊ पदार्थ) जास्त घातला की ही ताकद उशिरा येते, म्हणून प्लांट ५३ ग्रेडच्या ओपीसीकडे (राख-स्लॅग न मिसळलेल्या साध्या पोर्टलँड सिमेंटकडे) वळतो आणि घनमीटरमागे सिमेंटही वाढवतो. एक टन क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मुख्य घटक) तयार होताना साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शटरिंगचे प्लायवूड आणि राडारोडा वाचवून कमावलेले तिथेच गमावले जाते.

यावर मार्ग आहे. साचे दुप्पट ठेवा आणि भिंतीला दोन रात्री द्या, म्हणजे राख-स्लॅगच्या काँक्रीटलाही ताकद यायला वेळ मिळेल. पोलादी साचा शेकडो वेळा वापरता येतो, त्यामुळे हा खर्च पुढे वसूल होतो. वाफेचे क्युरिंग (काँक्रीट वाफेने गरम ठेवून लवकर पक्के करणे) हा दुसरा पर्याय, पण त्याला इंधन लागते आणि काँक्रीटचे तापमान ७० अंशांच्या वर गेले तर काही वर्षांनी आतून तडे जाण्याचा धोका असतो. कोराडी-चंद्रपूरची राख आणि डोलवीचा स्लॅग आपल्याच राज्यात मिळतो. स्लॅबसाठी शक्य तिथे पोकळ गाभ्याचे स्लॅब घ्यावेत. तेवढ्याच जाडीच्या भरीव स्लॅबपेक्षा काँक्रीट ३० ते ४० टक्के कमी लागते.

नव्या तंत्राने घरे बांधण्याच्या केंद्र सरकारच्या रांचीतील लाइट हाउस प्रकल्पात पूर्ण खोल्याच तयार करून बसवल्या. पण खोली ट्रेलरवर चढवली की भाड्यात बरीचशी हवाच वाहून न्यावी लागते. मोठ्या वसाहतींसाठी सपाट पॅनेल आणि जागेवरच कास्टिंग यार्ड (भाग ओतण्याचे आवार) हे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते.

आता सांधे. इमारत लवकर पाडावी लागली तर वाचवलेल्या कार्बनला अर्थ उरत नाही, आणि प्रीकास्ट इमारतीचे आयुष्य सांध्यांवर ठरते. भिंतीतल्या स्लीव्हमध्ये (दोन भागांच्या सळया जोडणाऱ्या नळीत) ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) खालच्या छिद्रातून भरतात आणि वरच्या छिद्रातून बाहेर आले की बूच मारतात. खालची सीलबंदी गळकी असेल तर बूच मारल्यावरही आतली पातळी उतरते आणि सळई अर्धी कोरडी राहते. बाहेरून काहीच दिसत नाही. कोकणच्या पावसात बाहेरच्या सांध्याला फट बुजवणारे एकच सीलंट पुरत नाही. मागे बॅकर रॉड (सीलंटला आधार देणारी फोमची दोरी) आणि आत शिरलेले पाणी बाहेर काढणारी वाट हवीच.

म्हणून आमची मागणी अशी : प्रत्येक निविदेत बांधीव चौरस मीटरमागे क्लिंकर आणि काँक्रीटची कमाल मर्यादा घाला. बिलासोबत बॅचिंग प्लांटची (काँक्रीटचे घटक मोजून मिसळणाऱ्या यंत्रणेची) छापील नोंद घ्या. ग्राउट भरल्यावर काही मिनिटांनी प्रत्येक स्लीव्हची पातळी पुन्हा तपासून क्रमांकासह फोटो ठेवणे बंधनकारक करा. एसीसाठीची छिद्रे साच्यातच ठेवा, नाहीतर रहिवासी ताबा मिळताच ड्रिल घेऊन भिंती फोडतात. वेगासाठी बक्षीस द्यायचेच असेल, तर ते ही मर्यादा पाळणाऱ्यालाच मिळावे.

आपले,
प्रीकास्ट बांधकामात काम करणारे काही स्थापत्य अभियंते