सर्व्हर नव्हे, टेबलाखालचा स्विच पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कार्यालयांतल्या 'सर्व्हर डाऊन'च्या तक्रारी या सदरात वरचेवर येतात. मी मिरजेत नेटवर्क केबलिंगची कामे करतो. पुष्कळदा सर्व्हर धडधाकट असतो आणि घोळ असतो टेबलाखाली धूळ खात पडलेल्या आठ पोर्टच्या (केबल खोचायच्या खाचांच्या) स्विचमध्ये, म्हणजे कार्यालयातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डब्यात.

कुठला कॉम्प्युटर कुठल्या पोर्टला जोडलाय, हे स्विचला कुणी सांगत नाही. फ्रेम, म्हणजे माहितीचा एक तुकडा, आली की तो पाठवणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बघतो आणि ती ज्या पोर्टातून आली तो पोर्ट त्यापुढे टिपून ठेवतो. घेणाऱ्याची नोंद नसेल, तर आलेला पोर्ट सोडून बाकी सगळीकडे फ्रेम पाठवतो. उत्तर आले की त्याचीही नोंद होते. साधारण 300 सेकंद एखाद्याकडून काहीच आले नाही, तर नोंद पुसली जाते. पडताळणी वगैरे काही नाही, जे दिसले ते खरे.

मध्यंतरी एका कार्यालयात सकाळपासून दाखले बंद, रांग जिन्यापर्यंत. इंटरनेट कंपनीला दूषणे देऊन झाली होती. पाहतो तर स्विचचे सगळे दिवे एका तालात फडफडताहेत. झाडलोट करताना कुणीतरी लोंबकळणारी केबल सुटली समजून खोचली होती. तिचे दुसरे टोक आधीच त्याच स्विचमध्ये! ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी असलेली, फ्रेम 3 नंबरच्या पोर्टातून बाहेर, 7 मधून आत, अशी फिरत राहते आणि नेटवर्क तुंबते, कारण इंटरनेटवरच्या आयपी पॅकेटला असते तशी ठरावीक टप्प्यांनंतर संपण्याची मुदत इथरनेटच्या, म्हणजे या केबलच्या नेटवर्कवरच्या, फ्रेमला नसते. पहिल्या पोर्टावरचा कॉम्प्युटर स्विचला कधी तिसऱ्यावर दिसतो, कधी सातव्यावर, म्हणून त्याच्यासाठीची फ्रेम भलतीकडेच जाते. केबल उपसली आणि मिनिटभरात दाखले निघू लागले.

यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री नावाची स्विचमधली पद्धत, अमेरिकी संगणकतज्ज्ञ रॅडिया पर्लमन यांनी 1985 मध्येच शोधला. मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचमध्ये तो असतो आणि अशा वेळी दोनपैकी एक पोर्ट आपोआप अडवला जातो. आपल्याकडे निविदेत मात्र 'आठ पोर्ट, गिगाबिट' एवढेच लिहितात आणि सर्वांत स्वस्त डबा येतो. निविदेत 'स्पॅनिंग ट्री आवश्यक, सुरू करून द्यावा' एवढी ओळ जिल्हा प्रशासनाने घालावी. तोवर खिडकीवर 'सर्व्हर डाऊन'चा कागद चिकटवण्याआधी कुणीतरी टेबलाखाली वाकून बघावे.

आपला,
एक केबलिंगवाला, मिरज