साइड इफेक्टचं पान वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

परवा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या (डॉक्टरांना कंपनीच्या औषधांची माहिती देणाऱ्यांच्या) परीक्षेचा निकाल लागला, मी पास झाले. तुम्हाला फोन लावला, पण गळा दाटून आला आणि बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

पहिल्या वेळी नापास झाले तेव्हा मी पार खचले होते. शिक्षण कॉमर्सचं, आणि समोर शरीरशास्त्र, फार्माकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र, क्लिनिकल ट्रायल, प्रमोशनची आचारसंहिता. दिवसभर फील्ड, रात्री डॉक्टरांच्या भेटींचे कॉल रिपोर्ट भरायचे, मग पेंगत पाठांतर. तुम्ही दीड महिना रोज ऑफिस सुटल्यावर माझ्यासाठी थांबलात.

हाफ-लाइफ, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. तुम्ही भरलेला ग्लास उचललात आणि अर्धं पाणी ओतून दिलंत. मग उरलेल्यातलं अर्धं, मग त्यातलं अर्धं. पाचव्यांदा तळाशी जेमतेम दीड चमचा पाणी राहिलं. "साधारण ९७ टक्के औषध गेलं. आता सांग, औषध किडनीवाटे जाणारं असेल आणि पेशंटची किडनीच अधू असेल तर?" मी उत्तर दिलं. पाठ न केलेलं ते माझं पहिलं उत्तर.

डॉक्टरांशी बोलण्याच्या सरावात, रोल प्लेमध्ये, मी ठसक्यात म्हणायचे, "सर, धोका ५० टक्क्यांनी कमी!" तुम्ही मला कागदावर शंभर-शंभर चौकोनांचे दोन गठ्ठे आखायला लावलेत. एकात, गोळी न घेणाऱ्यांत, त्रास झालेल्यांचे दोन चौकोन काळे; दुसऱ्यात, गोळी घेणाऱ्यांत, एक. "५० टक्के खोटं नाही. पण एकाला फायदा व्हायला शंभर जणांना गोळी द्यावी लागते, हेही डॉक्टरांना कळायला हवं." तेव्हापासून डॉक्टरांना दाखवायच्या चित्रपानांवरचा, व्हिज्युअल एडवरचा, मोठा आकडा दिसला की मी आधी खालची बारीक अक्षरं वाचते.

सेफ्टीचा धडा मी ऑप्शनला टाकणार होते. तुम्ही थॅलिडोमाइडबद्दल सांगितलंत. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेली, निर्धोक म्हणून विकलेली, गरोदर बायकांनीही घेतलेली गोळी. १९६१ च्या नोव्हेंबरात ती तिथे मागे घेतली, तोवर हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. त्या रात्री मी तो धडा दोनदा वाचला.

गेल्या आठवड्यात एक डॉक्टर उठता उठता म्हणाले, "तुमच्या गोळीने एका आजींचे पाय सुजले हो." पूर्वीची मी "होतं सर कधीकधी" म्हणून पुढच्या कॉलला पळाले असते. आता तिथेच डायरी उघडली. पेशंटचं वय, सांगणारे डॉक्टर, औषध, त्रास. या चार गोष्टी असल्या की रिपोर्ट ग्राह्य धरतात, हे तुमच्याच अक्षरात माझ्या वहीत आहे. चोवीस तासांच्या आत तो सेफ्टी विभागाकडे पाठवला. डॉक्टरांनी नंतर स्वतःहून बोलावून आजींना कोणतं दुसरं औषध चालू आहे तेही सांगितलं.

मॅडम, पासाचं पत्र आणि त्या रिपोर्टची पोच, दोन्ही घेऊन सोमवारी भेटायला येते.

आपली विद्यार्थिनी