मालक, आमचं जुनं गाव हाय का ह्यात? महसूल मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: मराठवाड्यात भिंतीवर लावायचे आणि जुने नकाशे मिळण्याची सोय करण्याबाबत

महोदय,

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात. त्यातल्या एका रस्त्यावर माझं स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या, फायली, शिक्क्याची शाई, आणि कोपऱ्यातल्या पिंपात उभे करून ठेवलेले गुंडाळी नकाशे. जूनमध्ये शाळावाले येतात, बाकी वर्षभर स्पर्धा परीक्षेची पोरं. "काका, भारत राजकीय द्या." "जग प्राकृतिक मराठीत आहे का?" आहे. ७० बाय १०० सेंटिमीटर, लॅमिनेशन केलेला, वर-खाली पट्टी. माल दिल्लीहून येतो, थोडा पुण्याहून.

पण एखाद्यानं "लातूर जिल्ह्याचा मोठा नकाशा द्या" म्हटलं की मी गप्प होतो. माझ्याकडे आहे तो अख्ख्या महाराष्ट्राचा. त्यात लातूर जिल्हा तळहाताएवढासुद्धा भरत नाही. मांजरा नदी दिसते, तेरणा चष्मा लावून शोधावी लागते. मराठवाड्यात आठ जिल्हे आणि ७६ तालुके, पण भिंतीवर टांगावा असा चांगला तालुक्याचा नकाशा मला आजवर कुठल्याही व्यापाऱ्यानं पाठवलेला नाही. त्यांचंही चुकत नाही. पन्नास प्रती खपणाऱ्या नकाशासाठी कोण छपाई लावणार?

नावांचं तर विचारूच नका. २०२३ च्या सप्टेंबरात जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, तेव्हा माझ्याकडे जुन्या नावांचे चाळीस नकाशे पडून होते. शाळा घेईनात. मग मी 'धाराशिव' आणि 'छत्रपती संभाजीनगर' अशा बारीक चिठ्ठ्या छापून आणल्या आणि दोन रात्री बसून चिकटवल्या. संभाजीनगरची चिठ्ठी एवढी लांब झाली की जालन्यावर चढली. एका गुरुजींनी ते बरोबर पकडलं. "शेठ, तुम्ही जालना पुन्हा औरंगाबादेत घातलात की!" म्हणाले. खरं होतं. १९८१ पर्यंत जालना तिथंच होता.

त्याच गुरुजींनी मला जुना नकाशा ओळखायची युक्ती शिकवली. जालना वेगळा नसेल तर नकाशा १९८१ च्या आधीचा. लातूर उस्मानाबादच्या पोटात असेल तर १९८२ च्या आधीचा. हिंगोली परभणीत असेल तर १९९९ च्या आधीचा. तुमचा दौरा असेल तेव्हा एखाद्या शाळेत बघा साहेब, हिंगोलीविना परभणी अजून भिंतीवर सापडेल.

आता ज्या माणसासाठी हे पत्र लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो. औसा तालुक्यातले सत्तरीचे एक मामा गेल्या पावसाळ्यात दुकानात आले. पिंपातला महाराष्ट्र उलगडायला लावला, बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाले, "मालक, आमचं जुनं गाव हाय का ह्यात?"

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. तुम्हाला सांगायला नको. किल्लारी-सास्तूर पट्ट्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यातलंच मामांचं एक. नव्या गावात रस्ते काटकोनात, घरं ओळीत. जुन्या जागी आता बाभळी आणि चौथरे. मामांना नव्या गावच्या मारुतीच्या सभामंडपात जुन्या गावाचा नकाशा लावायचा होता. पोरांना पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, कुठं होती, आड कुठं होता, तेरणेकडं जाणारी वाट कुठून फुटत होती, ते दाखवायचं होतं.

मी म्हटलं, मामा, शोधतो. इथून माझी वरात निघाली.

आधी भूमी अभिलेखचा गाव नकाशा बघितला. तो मिळतो, ऑनलाइनही दिसतो. पण तो शेताच्या बांधांसाठी केलेला. गट नंबर आहेत, शीव आहे, आणि गावठाणाच्या जागी नुसती कोरी जागा. मामांना हवं होतं ते नेमकं त्या कोऱ्या जागेत. मग केंद्राच्या नकाशा खात्याची, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाची शीट. अख्खा देश असल्या नंबर दिलेल्या तुकड्यांत छापलेला असतो. आमचा भाग '५६ बी'मध्ये येतो, किल्लारीकडचा पट्टा ५६ बी/१२ वर. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यात विहिरी असतात, देऊळ असतं, गाडीवाट तुटक रेघेनं असते. २०१७ पासून खुल्या मालिकेच्या शीट केंद्राच्या पोर्टलवर फुकट उतरवता येतात, ही सोय खरोखर चांगली आहे. पण नवी शीट आजचं गाव दाखवते. मला पाहिजे होती भूकंपाच्या आधीची.

ती शेवटी एका कॉलेजच्या भूगोलाच्या कपाटात निघाली. घडीवर फाटलेली, कडेला वाळवीनं खाल्लेली. सरांनी उपकार केले आणि माझ्यासमोरच झेरॉक्स काढू दिली. मोठी करायला गेलो फ्लेक्सवाल्याकडं. त्याच्या मशीनवर आधी एका भाऊंच्या वाढदिवसाचं बॅनर चाललं होतं, त्याच्यामागून आमचं गाव बाहेर आलं. रंग गेलेले, अक्षरं फुटलेली. मामांनी दुकानाच्या काउंटरवर ते पसरलं, वाकून बघितलं आणि एका जागी नख टेकवलं. अख्खं गाव त्या नखाखाली झाकलं गेलं.

साहेब, जुनं बघायचं तर पुण्याच्या माणसाला गावातच सगळं आहे. सर्व्हेचं कार्यालय आहे, पेशवे दफ्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळं आमचा जुना कागद हैदराबादेत, तोही बराचसा उर्दू-फारसीत. २०२३ मध्ये आपल्याच शासनानं निजामकालीन नोंदी शोधायला समिती नेमली, तेव्हा ते कागद आपल्याला किती लागतात हे सगळ्यांना कळलं. जातीच्या दाखल्यासाठी लागतात, हे ठीकच. पण आमचं धाराशिव आधी नळदुर्ग जिल्हा होता, तेव्हा त्याच्या हद्दी कुठवर होत्या, हे बघायची एखाद्या पोराला इच्छा झाली तर त्यानं रात्रीची गाडी धरून पुण्याला जायचं का हैदराबादला? अमेरिकन लष्करानं काढलेले हिंदुस्थानचे जुने नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. आमचा मुलूख टेक्सासमधून बघायला मिळतो आणि लातुरातून नाही. हसावं का रडावं?

नाथसागराकडच्या लोकांचं दुखणं आमच्याहून मोठं आहे. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली गावं आता जुन्या कागदावरच उरलीत. तिथं तर बोट ठेवायला चौथराही नाही.

मागणं फार नाही. प्रत्येक जिल्ह्याचा आणि तालुक्याचा मराठी नकाशा शासनानं एकदा नीट करून घ्यावा, आजच्या नावांसह, नद्या, डोंगर, रस्ते आणि गावं वाचता येतील एवढा. तो शासकीय ग्रंथागारात आणि प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात खिडकीवर विकत मिळावा. आमच्यासारख्या दुकानदारांना थोड्या सवलतीनं द्या, मी पैसे आधी भरतो. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली आहेत, तर त्या नकाशाची एक मोठी प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला सांगा. आणि जुन्या शीट, जुने गाव नकाशे, हैदराबादेतले नकाशे यांच्या प्रती करून जिल्हा ग्रंथालयात एक मोठं टेबल आणि एक उर्दू वाचता येणारा माणूस बसवा. पहिल्यांदा ही ५२ गावं घ्या. ज्यांना जुन्या वाटा पाठ आहेत, त्यांची वयं आता मामांएवढी झाली आहेत.

सोबत ५६ बी/१२ च्या त्या झेरॉक्सची एक प्रत जोडली आहे. तिच्यावर पेन्सिलीनं जे गोल केलेत ते मामांनी केलेत. एक आडाचा, एक मारुतीचा आणि तिसरा कशाचा ते त्यांनी सांगितलं नाही. आपल्या कार्यालयात कुणी ते खोडून टाकू नये, एवढी विनंती.

आपला,
गंजगोलाईतला एक स्टेशनरी दुकानदार
लातूर