डिशवॉशरचा पार्ट द्या, एक्स्चेंजची ऑफर नको

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
डिशवॉशर विभाग

विषय : २०२१ साली घेतलेल्या डिशवॉशरची वारंवार होणारी गळती, सर्किट बोर्ड न मिळणे आणि त्याऐवजी नवे मशीन घेण्याचा आग्रह

महोदय / महोदया,

गेल्या आठवड्यात आपल्या कार्यालयातून फोन आला. मी नोंदवलेल्या तक्रारीबद्दल असेल असे वाटले. पण पलीकडून सांगण्यात आले की तुमचे मॉडेल आता बंद झाले आहे, त्याचा बोर्ड येत नाही, जुने मशीन देऊन नवे घेतलेत तर चांगली सूट मिळेल. तक्रार नोंदवल्यानंतर कंपनीकडून आलेला तो पहिला फोन होता आणि तो विक्री विभागाचा होता. मला सूट नको आहे. काय हवे आहे ते सविस्तर कळावे म्हणून हे पत्र.

आम्ही पुण्यात उंड्रीला राहतो. सोसायटीला महापालिकेचे पाणी पुरत नाही. बोअर आणि टँकर यांवर भागवावे लागते. घरात पाच माणसे, त्यात सासूबाईंचे हात संधिवाताने आखडलेले. २०२१ मध्ये आम्ही १४ प्लेस सेटिंगचे, म्हणजे एका वेळी १४ जणांची भांडी मावणारे, आपले मशीन घेतले ते पूर्ण विचार करून. मशीन नीट चालत होते तेव्हा काम चोख करत असे, हे मी आजही मोकळेपणाने सांगेन. साय करपलेले दुधाचे पातेले, पिठल्याची कढई, कुकरची भांडी, सगळे ७० अंशांच्या प्रोग्रॅमवर स्वच्छ निघे. एका वेळच्या भांड्यांना दहा-बारा लिटर पाणी लागते. नळाखाली तेवढीच भांडी घासायला त्याच्या कितीतरी पट जाते. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या घराला या फरकाची किंमत कळते. त्यामुळे मला हे मशीन दुरुस्त होऊन हवे आहे. भंगारात काढायची मला घाई नाही.

आता गळतीबद्दल. वॉरंटीत असतानाच ड्रेन पंप, म्हणजे वापरलेले पाणी बाहेर टाकणारा पंप, बदलावा लागला. तो आपण विनामूल्य बदललात, त्याबद्दल तक्रार नाही. वॉरंटी संपल्यावर काही महिन्यांत मशीनच्या तळाशी पाणी साठू लागले. तळाच्या ट्रेमध्ये थर्माकोलचा फ्लोट असतो. पाणी साठले की तो वर उचलला जातो, स्विच दाबला जातो, पाणी आत घेणे थांबते आणि ड्रेन पंप सतत चालत राहतो. रचना चांगली आहे, तिच्यामुळे घरभर पाणी झाले नाही. पण पाणी साठत होते ते सम्पच्या, म्हणजे मशीनच्या आत पाणी जमते त्या खोलगट भागाच्या, सीलमधून, आणि तेच सील पुन्हा पुन्हा गेले. शेजारच्या ट्रॉलीचा तळ ओलाव्याने फुगला. पुढे बोर्ड गेला. या मॉडेलमध्ये बोर्ड तळाशीच आहे आणि तो ओलाव्याने गेला, हे आपल्याच टेक्निशियनने मला दाखवून सांगितले.

तोपर्यंत आम्ही आपला वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, घेतलेला होता. त्याचे ४,५०० रुपये भरले होते. करारात बारीक अक्षरांत लिहिले आहे की प्लास्टिकचे, रबराचे आणि इलेक्ट्रॉनिक भाग यात येत नाहीत. सील रबराचे, बोर्ड इलेक्ट्रॉनिक. डिशवॉशरमध्ये जे भाग बिघडतात त्यांतले बहुतेक या तीन शब्दांत बसतात. मग साडेचार हजार रुपयांत आपण नेमके काय देता, हे मला लेखी कळवावे. बोर्डाचे ९,४०० रुपये वेगळे घेतले. नव्या बोर्डावर ९० दिवसांची हमी होती. सील पुन्हा गळले, हमी संपल्यावर तोही बोर्ड गेला, आणि आता बोर्डच मिळत नाही.

प्रत्येक वेळी कारण मात्र एकच सांगितले गेले : "मॅडम, तुमचे पाणी जड आहे." जॉबशीटवरही तेच लिहिले आहे. ही नोंद मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सांगते.

आलेल्या टेक्निशियनने खिशातून टीडीएस मीटर काढला, नळाच्या पाण्यात बुडवला आणि आकडा लिहून घेतला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांची गोळाबेरीज. जडपणा ठरतो तो त्यातल्या मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीनमधल्या सॉफ्टनरचे, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या भागाचे, रेझिन (बारीक मणी) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्याच्या जागी सोडियम सोडते. त्यासाठीच तर आपण मीठ भरायला लावता. म्हणजे सॉफ्टनर अगदी उत्तम चालत असला तरी टीडीएसचा आकडा जवळपास तेवढाच राहणार. त्या मीटरवरून ना पाण्याचा जडपणा कळतो, ना सॉफ्टनरची स्थिती. मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात असे उत्तर मी बरोबर धरणार नाही, आणि आपण त्यावर माझी वॉरंटीबाहेरची बिले ठरवता.

जडपणा मी स्वतः तपासला. चाचणीची पट्टी आणली, नंतर प्रयोगशाळेतूनही खात्री करून घेतली. आमच्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, ४८० पीपीएम (लिटरला ४८० मिलिग्रॅम) आहे, जडपणा मोजण्याच्या जर्मन अंशांत साधारण २७. आपल्याच माहितीपुस्तिकेत दिलेल्या कमाल मर्यादेच्या तो आत आहे. मशीन बसवायला आलेल्या माणसाने हार्डनेस तपासला नव्हता. सॉफ्टनर कारखान्यातून येतो त्याच पातळीवर ठेवून तो गेला. पुस्तिका वाचून पातळी मीच बदलली आणि स्टीलच्या पेल्यांवरचे पांढरे डाग गेले. मीठ कायम आपल्याच कंपनीचे वापरले, बिले आहेत. शेवटी बदललेले सील मी जपून ठेवले आहे. त्यावर क्षाराचा थर नाही. कडेला ते चपटे होऊन चिरले आहे. फोटो सोबत जोडला आहे, सीलही दाखवायची तयारी आहे.

एक गोष्ट स्पष्ट करते. टेक्निशियनबद्दल माझी काही तक्रार नाही. तो मुलगा नम्र आहे, पाठीवर अवजारांची पिशवी घेऊन कात्रजपासून हडपसरपर्यंत फिरतो, आणि त्याच्या हातात कंपनीने जे साधन दिले तेच तो वापरतो. या पत्रामुळे त्याला कुणी बोलू नये. हार्डनेसच्या पट्ट्या स्वस्त असतात. त्या त्याच्या पिशवीत का नाहीत, याचे उत्तर वरच्या लोकांनी द्यायचे आहे.

आता आपल्या ऑफरबद्दल. नवे मशीन घ्यावे लागेल ही शक्यता मी गृहीत धरली आहे आणि त्यासाठी दुकाने पाहते आहे. तिथे वायफाय दाखवतात, तिसरा ट्रे दाखवतात, प्रोग्रॅमची संख्या सांगतात. या मशीनबरोबर इतकी वर्षे काढल्यावर मला वेगळेच प्रश्न पडतात, आणि त्यांची उत्तरे कोणत्याच काउंटरवर मिळत नाहीत. किती हार्डनेसपर्यंत सॉफ्टनर पुरतो? पाण्याचा किमान दाब किती लागतो? आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. टाकी नळापासून तीन-चार मीटर उंच, आणि दहा मीटर उंचीच्या पाण्याने जेमतेम एक बार दाब मिळतो. म्हणजे आमच्या नळाला ०.३ ते ०.४ बार. पुष्कळ मशीनना अर्धा बार तरी लागतो. कमी पडला तर पाणी भरायलाच वेळ लागतो आणि मशीन एरर दाखवून थांबते. आम्हाला नंतर प्रेशर पंप बसवावा लागला, तोही प्लंबरने सुचवल्यावर. विकताना कुणी मजला विचारला नाही.

पुढचा प्रश्न हीटरचा. आजकालच्या काही मशीनमध्ये हीटर आणि पाणी फिरवणारा पंप एकाच जोडणीत असतात. हीटर गेला की पंपासकट सगळे बदलायचे. आपल्या नव्या मॉडेलमध्ये तसे आहे का? बोर्ड तळाशीच आहे, की दारात किंवा पाणी पोचणार नाही अशा जागी हलवला आहे? सम्पचे सील तेच आहे की बदलले? आणि सगळ्यांत महत्त्वाचे : मॉडेल बंद झाल्यावर पार्ट किती वर्षे मिळतील, आणि मागणी केल्यापासून किती दिवसांत?

हा शेवटचा प्रश्न अवाजवी नाही, हे आपण जाणता, कारण आपली कंपनी युरोपातही डिशवॉशर विकते. उपकरणे टिकाऊ आणि दुरुस्त करता येण्याजोगी असावीत यासाठीच्या तिथल्या इकोडिझाइन नियमांनुसार १ मार्च २०२१ पासून कंपन्यांवर बंधन आहे. एखाद्या मॉडेलचे शेवटचे मशीन बाजारात आल्यानंतर मोटर, पंप, हीटर, सर्किट बोर्ड यांसारखे भाग किमान ७ वर्षे आणि दाराची सील, स्प्रे आर्म, रॅक यांसारखे भाग किमान १० वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात, आणि मागणी आल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत पोचवावे लागतात. तो नियम लागू झाला त्याच वर्षी मी आपले मशीन घेतले. तिथल्या ग्राहकासाठी आपण गोदामात बोर्ड ठेवू शकता, तर पुण्यातल्या ग्राहकाला काही वर्षांतच "येत नाही" हे उत्तर का मिळते? पैसे आम्हीही पूर्णच मोजले होते. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले आहे आणि त्यात घरगुती उपकरणे येतात. तिथे आपल्या या मॉडेलची माहिती मला सापडली नाही.

माझी मागणी अशी. सील आणि बोर्ड मिळवून मशीन आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यावे, कारण बोर्ड गेला तो सीलमुळे आणि सीलच्या दोषाशी आमच्या पाण्याचा संबंध असल्याचे आपण कधीही सिद्ध केलेले नाही. नव्या बोर्डावर आणि सीलवर किमान एक वर्षाची लेखी हमी द्यावी. हे शक्य नसेल तर बोर्डाचे ९,४०० आणि एएमसीचे ४,५०० रुपये परत करावेत, ट्रॉलीच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा आणि मशीन वापरता न आल्याबद्दल वाजवी भरपाई ठरवावी. ही रक्कम रोख किंवा खात्यावर हवी. आपल्याच दुकानात वापरायचे कूपन मी स्वीकारणार नाही. जॉबशीटवरची "पाणी जड असल्याने बिघाड" ही नोंद दोन्ही परिस्थितींत रद्द करून तसे लेखी द्यावे. नव्या मॉडेलबद्दल वर विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे द्यावीत. ती समाधानकारक असतील तर मी आपले मशीन पुन्हा घेण्याचा विचार जरूर करेन. मनात आकस ठेवून मी खरेदी करत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे, आणि ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे हेही तीत धरले आहे. मशीन विकताना दाबाची अट न सांगणे, करार विकताना वगळलेले भाग तोंडाने न सांगणे, हे त्यात बसते असे माझे मत आहे. समाधान न झाल्यास मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर आणि नंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. तिथवर जायची वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

खरेदीचे बिल, एएमसीची प्रत, सर्व जॉबशीट, प्रयोगशाळेचा अहवाल आणि सीलचे फोटो सोबत जोडले आहेत. कृपया १५ कामकाजाच्या दिवसांत ईमेलने किंवा पत्राने उत्तर द्यावे. फोनवर दिलेले आश्वासन मी उत्तर म्हणून धरणार नाही. टेक्निशियन पाठवणार असाल तर दुपारी चारनंतर पाठवावा, तोपर्यंत मी शाळेत असते. आणि त्याच्याजवळ हार्डनेसची पट्टी असावी.

कळावे.

आपली ग्राहक,
उंड्री, पुणे
(नाव, पत्ता आणि तक्रार क्रमांक सोबतच्या प्रतींवर आहेत.)